रुमालाखाली

पहिल्यांदा सांडशी गेली.
गॅसपाशी उभं राहून आप्पा म्हणाले, ते दे,
आणि मी दिली. कोण लक्ष देतं.
मग किल्ली गेली, फणी गेली,
एका आठवड्यात तांब्या आणि शेजारचे रावसाहेब.
सगळ्यांच्या जागी 'ते' येऊन बसलं:
ते आण, त्यात ठेव, त्याला सांग त्याचं ते झालं म्हणून.

मिरजेच्या डॉक्टरांनी चित्रं दाखवली.
छत्री. आप्पा म्हणाले, पावसाचं.
कुलूप. आप्पा म्हणाले, बंदचं.
हळकुंडाचं चित्र त्या वहीत नव्हतं,
मी पर्समधून खरंच काढून दिलं.
त्यांनी नखानं खरवडलं, कानाजवळ नेऊन मोडलं,
आतला रंग खिडकीकडे धरला
आणि बराच वेळ डॉक्टरांकडे बघत राहिले,
जणू आता दर त्यांनी बोलायचा होता.

चाळीस वर्षं सांगलीच्या यार्डात सौदे काढले या माणसानं.
आवाज असा, की हमाल पोतं खाली ठेवून वळायचे.
पण खरा भाव तोंडानं कधी नाही.
तो रुमालाखाली, बोटांत.
डबा घेऊन जायचे तेव्हा बघायचे मी,
दोन मोठी माणसं हात झाकून उभी,
चेहरे कोरे,
रुमाल तेवढा हलतोय, आत मांजराचं पिल्लू असल्यासारखा.
शिकवा म्हटलं, तर म्हणाले, तुला काय करायचंय.

परवा दुंडाप्पा तोलाईदार आले, हरिपूरहून.
चहा निवला. आप्पा 'ते' म्हणाले, परत 'ते' म्हणाले, थांबले.
दुंडाप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला
आणि दोघांच्या हातांवर टाकला.

वीस मिनिटं. मी घड्याळ बघितलं.
मध्येच आप्पा हसले, मान हलवली, छे,
पुन्हा हात आत सरकवला.
एकदा दुंडाप्पांचे डोळे भरले,
ते त्यांनी डाव्या हातानं पुसले. उजवा काढला नाही.

दारात विचारलं, काय म्हणत होते?
चपला शोधत म्हणाले,
सौद्यातलं बाहेर सांगत नाहीत, ताई.

रात्री गोळी देताना नॅपकिन टाकला मी त्यांच्या हातावर,
आत माझा हात.
त्यांनी माझी तीन बोटं धरली, दाबली,
मग अंगठा तळव्यावरून फिरवला.
तीनशे, तीन हजार, की आम्ही तीन भावंडं,
की नुसतंच, हात गार आहे तुझा.

मला येत नाही, आप्पा, म्हटलं.
त्यांनी पुन्हा तीच तीन धरली.
जरा जोरात,
बहिऱ्याशी बोलतात तसं.