पासंग

शनिवारी ग्लाडिसच्या भाजीच्या काट्यावर ठेवला मी कॅमेरा,
बटाटे उतरवून, तव्यावरची माती पुसून.
लेन्ससकट एक किलो आठशे चाळीस.
ती म्हणाली, एवढ्यात चौघांचं सूप होतं.
होतं खरंच.

वाल्पराइसोत रस्ते कमी, पायऱ्या जास्त.
बंदर खाली, घरं वर
आणि मधे माझे गुडघे.
टेकडीवर ओढून नेणारी जुनी लिफ्ट बंद असली,
आणि ती असतेच,
तर तीनशे बारा. मोजल्यात.
एकवीस वर्षं या पायऱ्यांवरून मी लग्नांना गेले,
डावा खांदा पट्ट्यासाठी राखून.
शिंपीण आता न विचारताच
माझ्या कोटाच्या डाव्या बाजूला थोडा जास्तीचा कापूस भरते.

पण खोटं कशाला बोलू,
त्या कॅमेऱ्याचं वजन पडायचं.
तो नुसता वर उचलला की
नवऱ्यामुलाचे काका पोट आत घ्यायचे,
वर्षभर न बोललेल्या जावा
एकमेकींच्या खांद्यावर हात टाकायच्या,
पाद्रीसुद्धा आशीर्वाद पुन्हा द्यायचा,
या वेळी सावकाश, उजेडाकडे तोंड करून.

खाली सपाटीवर बेलिसारियो उर्सुआचं दुकान.
पुढे घड्याळं, मागे कॅमेरे,
सगळ्यांवर सारखीच धूळ.
त्यानं तळहातावर ठेवला: साबणाच्या वडीएवढा,
बॅटरी धरून तीनशे ग्रॅम.
लेन्स बदलत नाही, म्हणाला,
पुढे-मागे तुम्हीच व्हायचं.
सवयीनं नेला डोळ्याशी,
तर डोळा लावायला जागाच नाही.
मागचा पडदा उन्हात धरला,
त्यात माझीच नाकपुडी.
बटण दाबलं.
झाला का?
कधीच झाला.

मोठ्याच्या पासंगालाही पुरायचा नाही हा,
मी म्हटलं,
आणि पैसे मोजले.
का, ते पायऱ्यांना विचारा.

पहिला आठवडा लाज वाटली.
गॅसवाला सिलिंडरवर पाना आपटत चढत होता,
मी समोर कॅमेरा धरला.
त्यानं केस सारखे केले नाहीत,
थांबलासुद्धा नाही.
त्याला वाटलं असेल, बाई किल्ली शोधतेय.

घरी एर्मिंदा, माझी धाकटी बहीण.
परक्यांची सहाशे लग्नं माझ्या कपाटात,
तिचा फोटो एक, ओळखपत्रावरचा,
तोही माझ्या हातचा नाही.
मोठा काढायचा म्हणजे बॅग उघडा, लेन्स निवडा,
तोवर ती उठून जायची स्वयंपाकघरात:
राहू दे गं, मी काय नवरी आहे?

मंगळवारी तो पावाशेजारी पडला होता
चुरा अंगावर घेऊन.
एर्मिंदा विजेचं बिल मोठ्यानं वाचत होती,
एक हात किटलीवर,
आकडा आला तशी चष्मा कपाळावर सरकवून
छताकडे बघत तिनं एक शिवी हासडली,
आईची ठेवणीतली,
आणि तिची तिलाच हसू आलं, पडक्या दातासकट.
हातासरशी उचलला. दाबलं.

कडा हललेल्या. खिडकी जळून पांढरी.
गिऱ्हाइकाला दिला असता
तर त्यानं पैसे परत मागितले असते.
काय करतेस, तिनं विचारलं.
काही नाही.
खरं सांगायचं तर
काही केल्यासारखं वाटलंही नव्हतं.

मोठा कपाटावर आहे.
दर रविवारी त्याची बॅटरी चार्ज करते,
म्हाताऱ्या कुत्र्याला फिरवून आणावं तशी.
सप्टेंबरात एक लग्न आहे, तेव्हा उतरवीन.
काकांना पोट आत घ्यायला काहीतरी हवंच.

काल बेकरीच्या काचेत मी मलाच टिपलं.
छोटा उजव्या हातात,
डाव्या खांद्यावर काही नाही,
तरी तोच खाली.
शिंपीण म्हणाली, कापूस काढून टाकू?
थांब, म्हटलं,
सप्टेंबर होऊ दे.