तीन अक्षरं

बेंगळूरहून आलेली फाइल उघडली तर
पडद्यावर एक झाड, आडवं पडलेलं,
पानांच्या जागी खाटांचे नंबर: चार, सात, नऊ, अकरा.
फांद्या इतक्या आखूड
की मी आधी चष्मा पुसला.

पन्नास लाखांवर अक्षरं असतात एका जंतूत,
बाराखडी मात्र चारच अक्षरांची.
चार नंबर आणि अकरा नंबर यांत फरक
तीन अक्षरांचा.
एवढा तर आमच्या केसपेपरवर
माणसाच्या नावात पडतो.

आयसीयूत सगळ्यांनी आधीच ठरवलं होतं.
शिनोळीच्या पलीकडची बाई, अकरा नंबर,
तिनं आणलं.
अंगडी सर म्हणाले, सिस्टर म्हणाल्या,
खरं सांगायचं तर मीही मान हलवली.
माझ्या ताटलीत औषधांच्या सहा चकत्या
आणि एकीच्याही भोवती मोकळं वर्तुळ नाही,
काठापर्यंत वाढ, दाट, सायीसारखी.
अशा वेळी कुणीतरी बाहेरचं लागतं.

मग सात आणि अकरा.
फरक शून्य.
शून्य येतच नाही असं नाही,
तरी मी खाली जाऊन रजिस्टर काढलं.
अकरा: सातूबाई गावडे, वय बासष्ट, इंग्रजीत,
मुलानं सांगितलं तसं.
सात: सातव्वा, वय साठ, कन्नडमध्ये,
वॉर्डातल्या नव्या मुलीनं ऐकलं तसं.
बाई एकच.
आयसीयूतून वॉर्डात हलवताना
आम्ही तिच्या दोन केल्या.
जंतूनं तिला एकच धरलं होतं.

आणि झाडाच्या बुंध्याशी माझीच कुपी,
वजा ऐंशीच्या फ्रीजरात विसरलेली.
चिठ्ठीवर माझंच तिरकं अक्षर: आयसीयू, बेसिन,
मागच्या वर्षीचा गौरी-गणपतीचा आठवडा.
बाई तर यंदा आली, शिमगा झाल्यावर.
नऊ नंबरच्या उशाशी ते बेसिन.
तिथंच हात धुवायचे,
तिथंच उरलेलं सलाईन, उरलेलं मेरोपेनेम ओतायचं,
रोज थोडं थोडं,
दारातल्या मांजराला घालावं तसं.

मुलगा कागद न्यायला आला, परसू नाव,
दोन आयांच्या दोन फायली हातात.
‘आईनंच आणलं म्हणूल्यात सगळे.
खरं काय, मॅडम?’
मी दाराकडे बघितलं.
‘इथलं,’ म्हणाले.
त्याहून जास्त बोलायला
वरची लेखी परवानगी लागते.

काल मौलासाबनं बेसिन उकललं.
पाइपाच्या आत बोटभर जाड थर,
त्यानं टॉर्च मारली, मी कुपी पुढं केली.
दुपारपर्यंत नवा पाइप बसला, पांढराशुभ्र.
हात पुसत तो म्हणाला,
‘वरचं झालं नवं.
भिंतीतलं जुनंच हाय की.’