हातचे दोन

शेजारच्या प्लायवूडवाल्यांकडे राज्याचा माणूस शुक्रवारी येऊन गेला,
म्हणजे गुरुवारपर्यंत आपल्याकडे.
एवढं बोलून हौगेननं टोपी काढली, पुन्हा घातली.

मग झाडू निघाले.
अकरा वर्षांचा भुसा तुळयांवरून खाली आला,
डग्लस फरचा, थोडा सीडरचा,
इतका की भर दुपारी दिवे लावावे लागले.
आग विझवायची नळकांडी सापडली,
एक रंगाच्या डब्यांमागे,
एक दाराला टेकू म्हणून लावलेलं,
दोन्हीच्या काट्यांनी केव्हाच मान टाकलेली.
मोठ्या करवतीचं जाळीचं झाकण
शेडमागे ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीत पडलं होतं.
डेल्फीनानं ओढून काढलं,
तारेच्या ब्रशनं घासता घासता म्हणाली,
रंग दिला की नवं वाटेल.
नवंच आहे, मी म्हटलं. वापरलंय कुठे?

लाल बटणाला तार गुंडाळलेली.
कुणी गुंडाळली, कुणालाच आठवेना.
सोडवायला पक्कड लागली.
दाबून पाहिलं
आणि पट्टा थांबला.
आम्ही जरा वेळ तसेच उभे राहिलो.
म्हणजे इतकी वर्षं ते चालू होतं.

मी गिरणीची हिशेबनीस.
पगार, डिझेल, ओंडक्यांच्या ट्रकच्या फेऱ्या,
आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात अपघातांची वही.
हौगेन दारात येऊन म्हणाला,
व्हर्ना, त्या वर्षीचं पान एकदा बघशील?
बघशील, म्हणाला. बाकी काही नाही.
माणूस वाईट नाही. माझ्या नवऱ्याच्या शवपेटीच्या फळ्या
त्यानंच चिरून दिल्या, पैसे घेतले नाहीत.

पान उघडलं.
माझ्याच अक्षरात, वळणदार:
जखमी, शून्य.

बेरजेत असंच असतं.
खाली शून्य मांडायचं
आणि हातचे दोन
वर कुठेतरी, बारीक, पेन्सिलीनं.
ते मांडायचे राहून गेले होते.

ऑरिन ट्रास्कच्या डाव्या हाताचे दोन.
करंगळी आणि तिची शेजारीण.
घरी जळण फोडताना, असं त्यानं हॉस्पिटलात सांगितलं.
कुणी सांगायला सांगितलं, ते मी विचारलं नाही;
मी फक्त कागद टाईप केला.
तेव्हा गिरणी दोन महिन्यांत बंद पडेल असं सगळेच म्हणत होते.

आता त्याला गुरुवारची सुट्टी देऊ केली होती, भरपगारी.
सॅमन चढतायत नदीला, जा की.
बघतो, म्हणाला ऑरिन.

बुधवारी संध्याकाळी पिवळी रेघ तेवढी राहिली होती,
करवतीभोवती, जमिनीवर.
किती लांब, यावर वाद.
नियमांचं पुस्तक होतं, त्यावर गेली कित्येक वर्षं कॉफीचं यंत्र ठेवलेलं,
नेमकी ती पानं चिकटलेली.
कुणी म्हणे तीन फूट, कुणी म्हणे चार,
कुणी म्हणे जागा उरेल तेवढं.

ऑरिननं डबा उचलला.
करवतीकडे पाठ न करता
मागे मागे सरकत गेला,
एक पाऊल, अजून एक, अजून अर्धं.
थांबला.
डावा हात पुढे लांबवला,
उरलेल्या बोटांनी हवा चाचपली.
इथे, म्हणाला.

आणि गुडघे टेकून रेघ ओढायला लागला,
मोजपट्टीशिवाय, सरळ,
मध्ये फक्त एकदा ब्रश बुडवायला थांबला.
कुणी बोललं नाही.
डेल्फीना डबा पुढे सरकवत राहिली.
हौगेन बाहेर जाऊन ट्रकमध्ये बसला,
इंजिन न लावता.

वाळायला चार तास, डब्यावर लिहिलं होतं.
घरी निघताना सगळे लांबून वळसा घालून गेले,
बूट खराब होतील म्हणून असेल.

उद्या येशील? मी विचारलं.
ऑरिन टर्पेंटाईननं बोटं पुसत होता, एकेक करून.
लवकर झालं पुसून.
येईन, म्हणाला. रेघ बघायची आहे त्याला, तर काढणाराही बघू दे.

ऑफिसात वही तशीच उघडी होती.
पेन्सिलीला टोक केलं, मग ठेवून दिली.
पेन शोधलं.
दोनदा झटकावं लागलं.