झिरो धर

मगदूम साहेब म्हणायचे, "झिरो धर,"
आणि मी टेपचं टोक भिंतीला दाबून उभा राहायचो.
ते पलीकडच्या भिंतीपर्यंत चालत जायचे,
मग लांबून आकडा यायचा: बेचाळीस सहा.
एकतीस वर्षं हेच.
माझ्याकडं झिरो, त्यांच्याकडं आकडा.

भूपाल मगदूम, मूळ गाव रुकडी,
शाहूपुरीत एका गूळवाल्याच्या वखारींचं भाडं
सायकलवरून गोळा करायचे.
एका वखारीत त्यांनी बँक आणली.
तीन महिने लॉकर रूममध्ये मुंगळे निघत होते.
मॅनेजर फोन करायचा,
साहेब म्हणायचे, "जागेलापण नवीन नोकरी आहे, जरा सांभाळून घ्या."

पुढं चपलांचं शोरूम आलं, क्लासेस आले, डोळ्यांचा दवाखाना आला.
कुणी राजारामपुरी आठवी गल्ली म्हटलं
की साहेबांच्या ओठांवर पुटपुट: पंच्याऐंशी रुपये फूट.
लग्नात पंगतीला बसले तरी नजर बीमखाली.
वहिनी म्हणायच्या,
"कुंभोजला बाहुबलीपुढं उभं केलं
तर हा माणूस हात जोडायच्या आधी विचारंल,
कार्पेट किती, बिल्टअप किती?"

व्हीनस कॉर्नरच्या अलीकडं, नाल्याच्या अंगाला एक गाळा होता.
भिंतीवर पाच सालच्या पाण्याची तपकिरी रेघ,
माझ्या छातीएवढी.
मालकानं विचारलं, भाडं किती येईल?
साहेब म्हणाले, रेघ किती दिसते त्यावर आहे.
प्रायमरचे दोन हात, हस्तिदंतीचे दोन हात.

इचलकरंजीचे इलियास मोमीन बघायला आले.
पडद्याच्या कापडाचा होलसेल.
सगळं बघून झाल्यावर दारात थांबून म्हणाले,
"पाणी येतं का हितं?"
"म्युनिसिपालटीचं? सकाळी दोन तास."
सगळे हसले. मोमीनपण हसले.
मीपण, हातात टेप धरून.

एकोणीस साली सात दिवस
पडदे पाण्यात.
शटर उघडलं तेव्हा मखमल चिखलासारखी बाहेर आली.
लॉक-इनचे तेरा महिने शिल्लक होते,
क्लॉज सोळा, साहेबांच्याच हातचा.
मोमीन दर महिन्याला एस.टी.नं स्वतः चेक घेऊन यायचे,
साहेब स्वतः पावती लिहायचे,
चहा यायचा, दोघं प्यायचे.
तेराव्या महिन्याला कप ठेवून मोमीन म्हणाले,
"सकाळी दोन तास म्हणाला होता साहेब."

त्या दिवाळीला साहेब व्हाइस प्रेसिडेंट झाले.
काचेची केबिन, ड्रायव्हर, महिन्यातून दोनदा पुणे.

पण गाळा रिकामा झाला की, रंगारी यायच्या आधी,
ते मला घेऊन जायचे.
"झिरो धर." आता जमिनीला.
मी उकिडवा बसायचो.
ते टेप वर न्यायचे, खिशातली पेन्सिल काढून
पाण्याची रेघ मारायचे, शेजारी साल.
मग रंगाऱ्याला म्हणायचे, घे आता.

मी एकदा विचारलं, रंगाखाली कुणाला दिसणार?
"खरवडलं तर दिसंल."
एवढंच. मग गाडीत बसून फोनवर भाव करत राहिले.

मार्चमध्ये निरोप समारंभ झाला.
फेटा, शाल, चांदीची छोटी इमारत.
भाषणात कुणीतरी सांगितलं, अकरा लाख फूट.
मी मागच्या खुर्चीत मोजत होतो,
त्यातल्या किती भिंतींना माझा अंगठा लागलाय.

गेल्या आठवड्यात फोन आला. टेप घेऊन ये.
वहिनींना आता उठता येत नाही,
दवाखान्यातली कॉट हॉलमध्ये मावते का बघायचं होतं.
मी सवयीनं भिंतीकडं गेलो.
"थांब," साहेब म्हणाले, "मी धरतो."
गुडघा धरून हळूच खाली बसले,
टोक भिंतीला दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी.

मी चालत गेलो.
माझ्या तोंडातून आकडाच निघंना.
"मोठ्यानं सांग," ते म्हणाले.
"दहा चार."

आतल्या खोलीतून वहिनींचा बारीक आवाज आला:
"कार्पेट का बिल्टअप?"