घरबसल्या

आदेरितो आता मंगळवारी आणि गुरुवारीच पोर्तोला जातो.
उरलेले तीन दिवस त्याचं ऑफिस
आमच्या जेवणाच्या टेबलावर असतं:
लॅपटॉप, त्याच्याखाली उंचीसाठी दोन जुन्या डिरेक्टऱ्या,
आणि कालच्या सूपचा एक गोल डाग.

पहिल्या दिवशी त्याने दार लावून घेतलं.
दार कुठलं,
त्याच्या आणि माझ्या मशीनच्या मध्ये
पहिल्यापासून नुसता पडदा आहे.
त्याने पडदा लावून घेतला.

मग मला त्याचा आवाज ऐकू आला.
"हो साहेब. अर्थातच साहेब. माझंच चुकलं."
घरात कोण आलंय बघायला
मी टाका अर्धा टाकून उठले.
एकोणतीस वर्षं संसार केला,
हा आवाज कधी घरी आला नव्हता.
संध्याकाळी निघताना तिथल्याच खुंटीवर
टांगून येत असणार बिचारा.

ऑफिसने त्याला खुर्ची पाठवली.
चाकांची, पाठीला आधार देणारी.
वीजबिलातला वाटाही देतात,
सही करायला कागद आला होता,
वर ठळक अक्षरांत: घरून काम.

मी तो कागद दोनदा वाचला.
सव्वीस वर्षं मी याच खिडकीपाशी
फेल्गेइरासच्या कारखान्याचे बूट शिवते.
वरचं कातडं, दुहेरी टीप, जोडीमागे काही सेंट.
स्टुलावर उशी माझी, दिवा माझा, दोराही माझाच.
त्याला कुणी नाव दिलं नाही.
एर्मिनिया म्हणायची, बरं आहे बाई तुझं,
घरबसल्या चार पैसे.
आणि बँकेच्या कर्जाच्या फॉर्मवर,
पत्नीचा व्यवसाय, या रकान्यात
आदेरितोने त्याच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं:
काही नाही. घरीच असते.

सोमवारी पडद्यातून डोकं बाहेर आलं.
"दिओलिंदा, मशीन थांबव ना जरा. मीटिंग आहे."
थांबवलं.
अकरा ते सव्वाबारा मी हात मांडीवर ठेवून
समोरच्या गच्चीवरची कबुतरं मोजली.

मंगळवारी तो गेल्यावर
त्याची खुर्ची ओढून मशीनला लावली.
एक गिरकी घेतली. मग आणखी एक.
संध्याकाळी कंबर दुखली नाही,
आणि याचाच फार राग आला.

बुधवारी परत डोकं बाहेर आलं.
मी मान वर केली नाही. पाय पायटीवरच होता.
पडद्यापलीकडून साहेबांनी विचारलं,
कसला आवाज येतोय हो तुमच्याकडे?
जरा वेळ कुणीच बोललं नाही,
फक्त माझं मशीन.
मग आदेरितो बोलला, त्याच मऊ, इस्त्रीच्या आवाजात:
"माझी बायको आहे, साहेब. कामावर आहे ती."

शुक्रवारी बेल्मिरो व्हॅन घेऊन आला.
दारातच जोड्या मोजल्या. अडतीस.
दोन कमी, म्हणाला.

मी म्हटलं, मीटिंग होती.