एसच्या अलीकडं

अक्षराला ऐंशी रुपये. टिंबाला काही नाही.
बापाच्या वेळेपासून हाच दर.

तासगावच्या बेदाणा पेठेत शिडीवर होतो.
मगदूम ब्रदर्स रेझिन्स, पिवळ्यावर लाल, इंग्रजीत;
सौद्याला परप्रांतातली माणसं येतात म्हणून.
खाली कुंभोजकर बाईंची स्कूटी थांबली.
दस्तगीर, स्वल्पविराम राहिला.
कुठं?
वर.

त्यांचा स्वल्पविराम म्हणे वर असतो,
खुंटीला टोपी अडकवावी तसा.
एसच्या अलीकडं दिलास तर एका भावाचं,
पलीकडं दिलास तर सगळ्या भावांचं.
आणि रेझिन्सच्या एसला?
त्याला नको. ते नुसतेच पुष्कळ आहेत,
कुणाचे नाहीत.

पलीकडं दिला.
ब्रश धुताना मनात घोळत राहिलं:
आपल्यात भावाचा टेम्पो, भावाची शेड, भावाचं वजनकाट्यावरचं बोट,
वस्तू बघून शेपूट बदलतं.
त्यांच्यात वस्तूकडं कुणी बघतच नाही.
टिंब ज्याच्या डोक्यावर, माल त्याचा.

सहा हंगाम गेले.
रायगोंडा मगदूमांचा फोन आला.
नवी पाटी नको,
फक्त ते टिंब तेवढं एसच्या अलीकडं घ्या.
बाई बोलल्या का?
नाही. वकील.

शिडी लावता लावता विचारलं, धाकटे कुठं दिसत नाहीत?
याच कट्ट्यावरनं हे ओरडायचे पूर्वी,
भूपल्या, चार चहा सांग, एक बिनसाखरेचा!
आता पाटीकडं बघत म्हणाले,
ते मिरजेला असतात.
त्यांचं वेगळं आहे.

मी थिनरची चिंधी पिळत होतो.
पाटीवर एकवचन करायला मला बोलावलं
आणि तोंडात अनेकवचन
कधी आलं, त्यांना कळलंही नसेल.

टिंब निघालं, पण जागा निघेना.
सहा उन्हाळ्यांनी सगळा पिवळा उडवलेला,
टिंबाखालचा तेवढा कालच दिल्यासारखा.
त्यावर कुठला पिवळा मारू?
जुना करून मारला. लांबून जुळतो.

टिंबाचे किती?
टिंबाला काही नसतं, म्हणालो.
मग शिडीचे म्हणून शंभर घेतले.

उतरताना बाईंची स्कूटी गेली.
वर बघितलं त्यांनी, थांबल्या नाहीत.
व्याकरण बरोबर होतं.