क्रमांक दोनशे चौदा

धुळ्याच्या संग्रहालयात, काचेआड
पसरट मातीचं भांडं, तोंड वर.
पाटी म्हणते: बहुधा धान्य साठवायचं.
तळाशी एक वाळलेली माशी.

सुपडाबाई पोछा धरून थांबली.
"भाऊ, हाई पालथं ठेवतस.
धान्यानं ऱ्हातं, ते मझार काजय कशी उनी?"

निकुंभसाहेबांनी कुलूप काढलं,
आत हात फिरवला.
चारही बोटं काळी.

मग खापर पालथं झालं,
आणि तिनं ओले हात पुसून
कोपरापर्यंत ताणला, पसरला, फिरवला
नसलेला मांडा.
अडीचशे भाजले होते एकदा, फैजपूरच्या लग्नात.
पाठीवर अलगद टाकला
आणि वाट बघत उभी राहिली.

पाटी अजून तीच आहे.
काचेला आतून
एक काळं बोट.